टेस्ला आणि वेगाचा काटा

निकोला टेस्ला म्हटले की एसी विजेवर चालणारी मोटर आठवते. आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान गावी 1856 मध्ये जन्मलेले टेस्ला 1884 मध्ये अमेरिकेत गेले. त्यांनी मोटारगाडीच्या स्पीडोमीटरवरही काम केले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्या काळी अनेक स्पीडोमीटरचा काटा फिरत्या चुंबकाच्या ओढीने सरकत असे. उष्णतेने किंवा जुना झाल्याने चुंबक क्षीण झाला की काटा कमी वेग दाखवतो आणि चालक नकळत गाडी अधिक जोरात हाकतो. 1914 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या यंत्रातून टेस्लांनी चुंबकच वगळला. एकात एक बसवलेल्या दोन वाट्यांपैकी एक गाडीच्या वेगाप्रमाणे फिरते, मधली हवा दुसरीला ओढते आणि स्प्रिंग तिला आवरते. 1916 मध्ये पेटंट मिळाले. वॉल्थम या घड्याळ कंपनीने असे स्पीडोमीटर बाजारात आणले.

1937 मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेस्लांना टॅक्सीची धडक बसली. बरगड्या मोडल्या, तरी ते डॉक्टरकडे गेले नाहीत. 7 जानेवारी 1943 रोजी त्यांचे निधन झाले.

वेग ताशी 40 ऐवजी 60 किलोमीटर असेल, तर धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यासही काटा कमी वेग दाखवतो. सरळ रस्त्यावर शेजारी बसलेल्याने मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहावा. फरक आढळल्यास टायरचे माप तपासून मीटर दुरुस्त करून घ्यावा.