ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट

माझे वडील जालन्यातील एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. गेल्या वर्षी कॉलेजात प्रवेश घेताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी शेतमजुरी असे लिहिले. बँडवाला लिहायची लाज वाटली. पुढे चिक चॉकलेट यांची जीवनकथा कळली आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली, गोव्यातील हळदोणे गावी. गोव्यात त्या काळी चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. ती शिदोरी घेऊन कितीतरी वादक मुंबईस आले. चिक यांनी अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगला आदर्श मानले, ताजमहाल हॉटेलात स्वतःचा जॅझ वाद्यवृंद गाजविला, तबकड्याही काढल्या.

चित्रपटांत ते पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. संगीतकाराने चाल बांधावी आणि कोणते वाद्य कोठे वाजावे हे स्वरलिपी जाणणाऱ्या साहाय्यकाने कागदावर मांडावे, अशी तेव्हाची रीत. 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. एरवी अशा वादकांची नावे प्रेक्षकांना ठाऊकच नसत. १९६७ साली ते वारले.

वडील गेली वीस वर्षे वरातीत 'अलबेला'ची गाणी वाजवतात. पण चिक यांचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. परवा मी सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि ट्रम्पेट पुसायला घेतला. यंदाच्या अर्जात मी तो रकाना खरा भरला आहे.