सर विल्यम वेडरबर्न

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून जातांना हुजूरपागेची मुलींची शाळा कोणीं पाहिली नाहीं? जेथें एके काळीं पेशव्यांचे घोडे बांधिले जात, तेथें आज मुली विद्या संपादन करीत आहेत. इ. स. १८८४ मध्यें निघालेल्या या शाळेच्या संस्थापकांपैकीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांचीं नांवें आमच्या वाचकांस ठाऊक असतील. परंतु आरंभीं तिला दहा हजार रुपयांची देणगी देणारे गृहस्थ स्कॉटलंडांतील एका जुन्या घराण्यांतले होते, ही गोष्ट थोड्यांसच माहीत असेल. त्यांचें नांव सर विल्यम वेडरबर्न. त्यांचें चरित्र यंदाच्या अंकांत थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम यांचा जन्म २५ मार्च १८३८ रोजीं एडिंबरो शहरीं झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे पुत्र. त्यांचे वडील सर जॉन हे मुंबई इलाख्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत पुष्कळ वर्षें होते. विल्यम यांचें कांहीं शिक्षण स्वित्झर्लंडांत झालें व पुढें स्कॉटलंडांतील लोरेटो शाळेंत आणि एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत तें पुरें झालें. थोरले बंधु जॉन हेही हिंदुस्थानांत अधिकारावर होते.

विल्यम एकोणीस वर्षांचे असतां या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. इ. स. १८५७ च्या उठावांत, मे महिन्यांत, हिस्सार येथें त्यांचे बंधु जॉन, त्यांची पत्नी व तान्हें मूल अशीं तिघेंही मारलीं गेलीं. त्या वेळीं इंग्लंडांत जिकडे तिकडे सुडाची भाषा चालली होती. अशा प्रसंगीं या तरुणास हिंदुस्थानचें नांवही नकोसें झालें असतें, तरी त्यास कोणीं दोष दिला नसता. परंतु दोनच वर्षांनीं, १८५९ सालीं, ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसले, तींत त्यांचा तिसरा क्रमांक आला, आणि १८६० सालीं ते मुंबईस येऊन दाखल झाले. ज्या देशांत भावाचें रक्त सांडलें, त्याच देशाची सेवा त्यांनीं पुढें सत्तावीस वर्षें अधिकारी या नात्यानें केली.

या नोकरीचा बराच काळ न्यायखात्यांत गेला. न्यायासनावर बसणाऱ्याच्या दृष्टीस लोकांचें दुःख फार जवळून पडतें. दक्षिणेंतील कुणबी त्या वेळीं कर्जांत बुडालेला होता. पीक बुडो वा येवो, सारा रोख भरावा लागे. त्यासाठीं सावकाराकडे जावें, न वाचतां कर्जरोख्यावर अंगठा उठवावा, आणि शेवटीं कोर्टांतून एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जावी, असा क्रम होता. १८७५ सालीं सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं दंगा करून सावकारांचे रोखे जाळले, आणि लागलीच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला.

दंगेखोरांस शिक्षा करणें सोपें होतें. दंग्याचें मूळ शोधणें कठीण होतें. वेडरबर्न यांनीं कठीण वाट धरिली. १८८२ सालीं ते पुण्याचे जिल्हा न्यायाधीश झाले, व न्यायमूर्ति रानडे आदि पुण्याच्या पुढाऱ्यांशीं त्यांचा निकट संबंध जडला. शेतकऱ्यांचीं जुनीं कर्जें तडजोडीनें फेडून टाकावीं व पुढें त्यांस माफक व्याजानें रक्कम देणारी शेतकी बँक काढावी, अशी योजना त्यांनीं पुढें मांडिली. प्रयोगाकरितां पुरंदर तालुका नेमिला गेला. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें तिला संमति दिली. परंतु विलायतेंतील स्टेट सेक्रेटरींनीं ती नामंजूर केली. पुढें वीस वर्षांनीं, १९०४ सालीं, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. तोंपर्यंत किती शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या असतील, याचा वाचकांनींच विचार करावा.

१८८२ सालींच दुसरे बंधु सर डेव्हिड निवर्तले व घराण्याची पदवी विल्यम यांजकडे आली. हुजूरपागेच्या शाळेस वर सांगितलेली देणगी त्यांनीं दिली, ती दिवंगत बंधूच्या स्मरणार्थ होय. भावाचें स्मारक म्हणून संगमरवरी पुतळा उभारतां आला असता. त्यांनीं दुसऱ्यांच्या मुलींची शाळा पसंत केली.

लोकपक्षाची अशी बाजू घेणारा अधिकारी वरिष्ठांस रुचत नसे. हायकोर्टांतील कायमचें न्यायाधीशपद त्यांस लाभलें नाहीं. १८८७ सालीं, मुंबई सरकारचे हंगामी चीफ सेक्रेटरी असतां, ते निवृत्त झाले. मात्र त्यांचें काम संपलें नव्हतें. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक पुण्यांतच व्हावयाची होती. पटकीच्या सांथीमुळें ती डिसेंबर १८८५ मध्यें मुंबईस भरली. या सभेचे जनक ह्यूम साहेब यांचे वेडरबर्न हे जिवलग सहकारी. १८८९ सालीं मुंबईच्या अधिवेशनाचें अध्यक्षस्थान त्यांसच मिळालें. योगायोग असा कीं, त्या वर्षीं प्रतिनिधींची संख्याही १८८९ च भरली होती.

आपलें म्हणणें पार्लमेंटांत मांडावें, या हेतूनें त्यांनीं १८९२ ची निवडणूक लढविली. तींत अपयश आलें. पुढच्याच वर्षीं स्कॉटलंडांतील बॅन्फशायरच्या मतदारांनीं त्यांस लिबरल पक्षातर्फें निवडून दिलें, व १९०० पर्यंत ते तेथें सभासद होते. हिंदुस्थानचा विषय निघाला कीं सभागृहांतील बाकें रिकामीं पडत. तरी ते दादाभाई नौरोजी यांच्यासमवेत नेटानें बोलत राहिले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास १८९५ सालीं नेमलेल्या वेल्बी कमिशनवरही हे दोघे होते. याच कमिशनपुढें १८९७ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनीं साक्ष दिली. पुढें गोखले जेव्हां जेव्हां विलायतेस गेले, तेव्हां वेडरबर्न यांचा त्यांस मोठा आधार वाटे. राष्ट्रीय सभेच्या लंडनमधील कमिटीचें अध्यक्षपद त्यांनीं अखेरपर्यंत सांभाळलें व तिच्या कामीं आपल्या पदरचा पैसाही घातला.

१९१० सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, ते पुनः समुद्र ओलांडून अलाहाबादच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. हिंदु व मुसलमान यांच्यांत सलोखा घडवावा, हा त्यांचा मुख्य हेतु होता. तो त्यांच्या हयातींत पुरता सफळ झाला नाहीं. २५ जानेवारी १९१८ रोजीं इंग्लंडांत ते मृत्यु पावले.

विद्यार्थिमित्रहो, यशाच्या मापानें मोजूं गेल्यास हें चरित्र कांहींसें उणें भरेल. त्यांची बँक निघाली नाहीं, पार्लमेंटानें त्यांचें फारसें ऐकिलें नाहीं. परंतु आमच्या शाळेंत शत्रूवरही प्रीति करावी असा जो पाठ आपण ऐकतों, तो नुसता ऐकणें निराळें आणि भावाचा घात झालेल्या देशांत येऊन आचरणें निराळें. मनांतल्या दुःखाचा सूड होऊं द्यावयाचा कीं सेवा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. वेडरबर्न यांनीं काय ठरविलें, याची साक्ष हुजूरपागेंत रोज घंटा वाजून मिळते. यापुढें त्या रस्त्यानें जातांना आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबून ती ऐकावी, एवढीच आमची इच्छा आहे.