रुडॉल्फ डिझेल: ज्याच्या पहिल्या इंजिनाला पाणीच नव्हतं

पावसाळ्यातली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोन महिने गप्प असलेली इंजिनं पुन्हा धडधडू लागतात. बोटीत किती डिझेल भरलं, लिटरला काय भाव पडला, याच गप्पा सगळीकडे असतात. हा शब्द आता तेलाचं नाव म्हणूनच वापरला जातो. खरं तर ते एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल शिक्षणाने यंत्र अभियंता होता, पण त्याची पहिली दहा-बारा वर्षं गेली बर्फ बनवण्याच्या धंद्यात. थंडाव्याचं शास्त्र कोळून प्यायलेल्या या माणसाने आपलं पहिलं इंजिन मात्र थंड ठेवण्याची कसलीही सोय न करता बांधलं होतं.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आई-वडील जर्मन. वडील थिओडोर पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. तयार माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोहोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असायचं. उरलेल्या वेळात तो पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात जाऊन जुनी यंत्रं पाहत बसे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं. तिथे पोट भरणं कठीण झालं, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. काका बार्निकेल गणित शिकवायचे. त्यांच्या घरात हा मुलगा रुळला आणि आपण अभियंता व्हायचं हे त्याने तिथेच ठरवून टाकलं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. यांत्रिक शीतकरणाचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्साच वाफेच्या इंजिनाकडून कामी येतो, बाकी सगळी वाया जाते, हे त्यांच्या वर्गात रुडॉल्फला समजलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा हुकली होती. ती १८८० मध्ये त्याने उत्तम गुणांनी दिली आणि लिंडेंच्याच कंपनीत, पॅरिसच्या बर्फ कारखान्यात, नोकरी धरली. १८८३ मध्ये त्याचं मार्था फ्लाशेशी लग्न झालं. तीन मुलं झाली.

नोकरी चांगली होती, पण मन इंजिनात अडकलेलं. अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहण्यात त्याने काही वर्षं घालवली. त्यातून इंजिन काही हाती लागलं नाही. कल्पना मात्र आकाराला आली: सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल. ठिणगी नको, बाहेरची ज्योत नको. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, त्यातलंच हे तत्त्व.

१८९२ च्या फेब्रुवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी या इंजिनाच्या सिद्धांतावर त्याचं पुस्तक निघालं. कागदावरचं त्याचं गणित असं होतं: इंधन हळूहळू, बेताने सोडायचं, म्हणजे जळताना तापमान आणखी वाढणार नाही. तापमान वाढणार नसेल तर सिलिंडर थंड करायला पाणी कशाला? उलट पाण्यात गेलेली उष्णता म्हणजे फुकट घालवलेलं इंधन. तर्क देखणा होता. आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुझ आणि पोलादसम्राट क्रुप यांनी पैसा लावला आणि पहिलं इंजिन उभं राहिलं. त्याच्या सिलिंडरभोवती पाण्याची पोकळी नव्हती.

१० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. ते पेटलं आणि दाब मोजण्याचं उपकरण फुटून तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. हवा दाबून इंधन पेटतं एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. बाकी गणित मात्र लोखंडाने मानलं नाही. पुस्तकात मांडलेला अवाढव्य दाब खाली आणावा लागला, तापमानाचा हट्ट सोडावा लागला आणि पुढच्या बांधणीत सिलिंडरभोवती पाणी खेळवावं लागलं. स्वतःचीच छापील चूक दुरुस्त करण्यात त्याची साडेतीन वर्षं गेली. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी येत असल्याचं दिसलं. तोवर कुठल्याच इंजिनाला हे जमलं नव्हतं.

हार मानून सिलिंडरभोवती आणलेलं ते पाणी डिझेल इंजिनाला कायमचं चिकटलं. आजच्या ट्रकच्या किंवा ट्रॉलरच्या इंजिनातही इंधनाच्या उष्णतेचा मोठा वाटा शीतकरणावाटे बाहेर टाकावा लागतो. थंड देशांत या पाण्याची आणखी एक अडचण होती: ते रात्री गोठायचं, फुगायचं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकायचा. त्यावरचा उपाय ठरला इथिलीन ग्लायकॉल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ यांनी ते डिझेलच्या जन्माच्या सुमारासच तयार केलं होतं, पण मोटारीच्या रेडिएटरमध्ये ते सर्रास पडू लागलं १९२० च्या दशकात. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि साधारण १०८ अंशांना उकळतं. दाबाचं झाकण असेल तर त्याहून वर. गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी त्याच्यापेक्षा सरस. म्हणून जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

मग रत्नागिरीत, जिथे पाणी गोठायचा प्रश्नच नाही, तिथे या अँटीफ्रीझचं काय काम? त्यात मिसळलेल्या गंजरोधकांचं आहे. जड डिझेल इंजिनात बऱ्याचदा लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर वाफेचे बारीक बुडबुडे धरतात आणि लगेच फुटतात. हजारो तास हे चाललं की लायनरला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. मग ऑईलमध्ये पाणी उतरतं आणि इंजिन उघडावं लागतं. यावर नायट्राईट, मॉलिब्डेट किंवा काही सेंद्रिय आम्लांचे क्षार लायनरवर पातळ संरक्षक थर राखतात. मोटारगाडीच्या साध्या कूलंटमध्ये ही तजवीज असेलच असं नाही. नेमकी इथेच खरेदीत चूक होते. रंग पाहून डबा उचलण्यात अर्थ नाही, कारण हिरवा, लाल, नारिंगी हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. डब्यावर जड डिझेल इंजिनांसाठीचं एएसटीएम डी ६२१० हे मानक लिहिलेलं आहे का आणि इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या क्रमांकाशी ते जुळतं का, हे पाहायचं. नुसतं डी ३३०६ असेल तर तो हलक्या गाड्यांचा माल.

दोन जातींची कूलंट एकमेकांत ओतली तर दोन्हींचे गुण पातळ होतात. तयार मिश्रण नसेल तर त्यात घालायचं पाणी क्षारविरहित हवं. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी घातलं तर त्यातली क्लोराईडं धातू खातात आणि क्षारांची खपली उष्णता अडवते. आंबा घाटात भरलेला ट्रक चढताना इंजिन तापण्यामागे कधी कधी हीच खपली असते. बोटींची तऱ्हा थोडी वेगळी. अनेक बोटींत समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून फिरतं आणि इंजिनाच्या आतलं गोडं पाणी बंद फेऱ्यात राहतं. समुद्राच्या पाण्याच्या बाजूला जस्ताचे तुकडे बसवतात, ते स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. उष्ण किनाऱ्यावर काही सागरी इंजिनांना ग्लायकॉलशिवाय, नुसतं गंजरोधक घातलेलं पाणीही चालतं. मात्र तसं इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं हवं. बंदीच्या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर असते, तेव्हा जुनं कूलंट काढून फेरा धुऊन घेणं सोयीचं. काढलेलं मिश्रण उघड्यावर सोडू नये. ते चवीला गोड असतं आणि विषारीही, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटून दगावतात.

१८९७ नंतर डिझेल श्रीमंत झाला. अमेरिकेतले हक्क दारू कारखानदार अडॉल्फस बुश यांनी घेतले, इतर देशांतूनही परवान्यांचे पैसे आले. म्युनिकमध्ये त्याने राजेशाही बंगला बांधला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आलं. मात्र इंजिन बांधणाऱ्याला व्यवहार जमला नाही. त्याच्या नावाने काढलेला आउग्सबुर्गचा कारखाना बुडाला, जमिनींच्या सौद्यांत पैसे अडकले, पेटंटच्या कज्ज्यांनी जीव मेटाकुटीला आला. डोकेदुखी आणि मानसिक थकव्यासाठी त्याला रुग्णालयात राहावं लागलं. १९०३ मध्ये समाजरचनेवर त्याने एक पुस्तक लिहिलं. त्याला ते इंजिनाइतकंच महत्त्वाचं वाटत होतं, पण ते फारसं कुणी विकत घेतलं नाही.

इंजिन मात्र त्याच्यापेक्षा जोरात चाललं होतं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीला निघालं. त्याला धुराडं नव्हतं, याचंच लोकांना नवल. त्याच काळात इकडे रत्नागिरीत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा नजरकैदेत दिवस काढत होता आणि मुंबईहून येणाऱ्या बोटी अजून वाफेवरच चालत होत्या.

२९ सप्टेंबर १९१३ ला डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत दोन सहकारी होते. जेवण झालं, गप्पा झाल्या, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्यावर कुणी झोपलेलं दिसत नव्हतं. कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी केलेला कोट सापडला. डायरीत त्या तारखेसमोर एक फुली होती. निघण्यापूर्वी त्याने मार्थाकडे एक बॅग दिली होती, आठवड्याने उघड असं सांगून. तिच्यात वीस हजार मार्क रोख होते, आणि बँकेची खाती रिकामी असल्याचं दाखवणारे कागद. आत्महत्या, घातपात की अपघात, यावर आजही वाद घातले जातात. कर्जाचा आकडा पाहिला तर पहिल्या शक्यतेकडे कल जास्त झुकतो.

दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. ते बोटीवर घेण्याच्या अवस्थेत नव्हतं, म्हणून खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर. धाकट्या मुलाने, ऑयगेनने, हॉलंडमधल्या व्लिसिंगेन बंदरात जाऊन त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं सांगितलं.

डिझेल इंजिनाचे पहिले ट्रक जर्मनीत रस्त्यावर आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ मध्ये स्थापन झाली आणि विहिरींवर, मळ्यांत या इंजिनाचा आवाज घुमू लागला. शेतकऱ्यांनी त्याला ऑईल इंजिन म्हटलं, डिझेल हे नाव तेलालाच राहिलं. त्यातल्या कित्येक इंजिनांना थंड ठेवायला उपसलेल्या पाण्याचीच एक धार दिलेली असे. ती सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरून पाटात पडायची.