महेश्वरच्या घाटावरची अहिल्याबाई

कुंभेरीच्या वेढ्यात 1754 साली तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर गेले. अहिल्याबाई तिशीच्याही आतल्या. सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं आणि पुढं कारभारात घातलं. 1766 मध्ये सासरे गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही. दिवाण गंगाधरपंतांनी राघोबादादांना बोलावलं. बाईंनी लढाईची तयारी केली, दादांना परतावं लागलं. मग फौज तुकोजींकडे, राज्य स्वतःकडे, मुक्काम नर्मदाकाठी महेश्वरला.

दिनक्रम ठरलेला. उजाडायच्या आधी उठून पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, साधं जेवण. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत दरबार. सांजेची पूजा आटोपली की रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. इंग्रज अधिकारी माल्कमनं हे लिहून ठेवलंय. देवघर धरून कोपऱ्यात बसल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांनी दप्तर सोडलं नाही. काशी विश्वनाथाचं देऊळ याच काळात बांधलं, महेश्वरला विणकरही वसवले.

सगळ्यात मोठा घाव म्हातारपणी बसला. नातू नथ्याबा गेला. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ताबाई सती निघाली. जी स्वतः सासऱ्यांच्या शब्दाखातर मागं फिरली होती, तिनं लेकीला परोपरीनं विनवलं. लेक ऐकेना. घाटावर आईला दोघांनी धरून ठेवावं लागलं. नंतर तीन दिवस पोटात अन्न नाही, तोंडात शब्द नाही. मग मुलीच्या छत्रीचं बांधकाम काढलं आणि बाई पुन्हा कामाला लागल्या. 13 ऑगस्ट 1795 ला त्या महेश्वरलाच वारल्या.