शेंगदाण्याचं तेल आणि डिझेलसाहेब

सूक्ष्म शेवाळापासून बायोडिझेल हा माझा सेमिनारचा विषय. पहिल्याच स्लाइडवर मी थाटात लिहिलं होतं की रुडॉल्फ डिझेलने १० ऑगस्ट १८९३ ला शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं. जैवइंधन दिनाच्या पोस्टरवरून उतरवलेलं! सरांनी विचारलं, कुठे वाचलंस? माझी बोलती बंद. मग सबमिशन बाजूला ठेवून लायब्ररीत डिझेलच्या मागे लागलो.

माणूस जर्मन आई-बापांचा, पण जन्म पॅरिसचा, १८५८ चा. १८७० च्या युद्धात फ्रान्समधून कुटुंबाला बाहेर पडावं लागलं. लंडनहून पोराला एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला धाडलं. पुढे म्युनिकचं पॉलिटेक्निक. तिथे टायफॉइडने त्याची फायनल हुकली, (आपल्यातल्या ड्रॉपवाल्यांनी नोंद घ्यावी) आणि १८८० मध्ये तो उत्तम मार्कांनी पास झाला. लिंडे सरांच्या तासाला वाफेचं इंजिन किती उष्णता वाया घालवतं हे ऐकलं, आणि ते खूळ डोक्यात बसलं ते कायमचंच.

आता ती १० ऑगस्टची गोष्ट. त्या दिवशी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात चाचणी झाली हे खरं, पण इंधन होतं पेट्रोल. स्फोट एवढा जोरात झाला की दाब मोजणारा इंडिकेटरच फुटला. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं १७ फेब्रुवारी १८९४ ला, तेही मिनिटभर. आणखी तीन वर्षं घासल्यावर, १८९७ मध्ये, कार्यक्षमता मिळाली २६.२ टक्के.

शेंगदाणा आला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. ओटो कंपनीने मांडलेलं एक छोटं डिझेल इंजिन काहीही बदल न करता त्या तेलावर चाललं, आणि इतकं सुरळीत की फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. कल्पना फ्रेंच सरकारची होती, आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा भरपूर म्हणून. हे श्रेय डिझेलने स्वतःच १९१२ मध्ये लिहून ठेवलंय. आज क्षुल्लक वाटणारी ही वनस्पती-तेलं पुढे खनिज तेलाइतकी महत्त्वाची ठरतील, असंही त्याला तेव्हा वाटत होतं.

ते पुढे काही लवकर आलं नाही. अमेरिकेने १९७८ ते १९९६ शेवाळावर संशोधन केलं, तीनेक हजार वाण गोळा केले. नायट्रोजन तोडला की पेशीत तेल साठतं, पण वाढच मंदावते, म्हणजे एकूण हिशोब जिथल्या तिथे. माझ्या सेमिनारचं अर्धं घोडं इथेच अडलेलं!

डिझेलकडे पैसा आला तसा कोर्टकचेऱ्यांत आणि चुकीच्या गुंतवणुकीत गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर तो जेवून केबिनकडे गेला. सकाळी बिछाना तसाच, न मोडलेला. दहाएक दिवसांनी डच खलाशांना समुद्रात एक प्रेत दिसलं. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. गोळ्यांची डबी, चाकू, चष्म्याचं घर. मुलाने वस्तू ओळखल्या.