डॉ. डेनिस बर्किट : बालरोगाचा माग काढणारा शल्यवैद्य

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचा मोठा विभाग आहे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी मॉरिशसमधून इंग्लंडला गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. आपल्या वाचकांपैकीही काहींचे नातेवाईक तिकडे असतील. तेथे एखाद्या शाळकरी मुलाचे पोट दुखून फुगले, हिरवी उलटी झाली, शौच बंद झाले आणि तपासणीत आतड्याजवळ गाठ दिसली, तर डॉक्टरांना एका रोगाची शंका येते. त्या रोगाला बर्किट लिम्फोमा म्हणतात. ज्यांचे नाव या रोगाला मिळाले, त्या डॉ. बर्किट यांचे चरित्र आपण जाणून घेण्यासारखे आहे.

डेनिस बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधील एनिस्किलन येथे झाला. वडील सरकारी अभियंते होते आणि त्यांना पक्ष्यांचा मोठा नाद होता. बागेतला कोणता रॉबिन पक्षी कोठे राहतो, याचे नकाशे ते काढीत. डेनिस अकरा वर्षांचे असताना दगड लागून त्यांचा एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकायला गेले, पण लवकरच वैद्यकाकडे वळले व १९३५ साली डॉक्टर झाले. पुढे त्यांनी शल्यविद्येची पदवीही मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात वैद्यकीय सेवा केली आणि १९४६ साली ते युगांडात रुजू झाले. एका डोळ्याने त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवण्यात आला. त्याचे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनी सुजले होते. असे त्यांनी कधी पाहिले नव्हते. काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात तशाच चेहऱ्याची एक मुलगी दिसली. तिला तपासले, तर पोटातही गाठी होत्या. एक योगायोग म्हणून सोडून देता आला असता, परंतु बर्किट यांनी जुन्या नोंदी काढल्या. जबड्याच्या व पोटाच्या ज्या गाठी निरनिराळ्या समजल्या जात, त्या एकाच रोगाच्या होत्या. १९५८ साली त्यांनी हा रोग जगापुढे मांडला. तो लसिकापेशींचा कर्करोग आहे, हे पुढे कंपालाच्याच तज्ज्ञांनी सिद्ध केले.

मग वडिलांप्रमाणे मुलानेही नकाशा काढायला घेतला. बर्किट यांनी आफ्रिकेतील रुग्णालयांना पत्रे व छायाचित्रे पाठवून असे रुग्ण दिसतात काय, अशी विचारणा केली. ऑक्टोबर १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह अडीचशे पौंडांच्या जुन्या मोटारीतून ते निघाले. दहा आठवड्यांत दहा हजार मैलांचा प्रवास करून त्यांनी पन्नासांहून अधिक रुग्णालये पाहिली. जेथे उष्णता व पाऊस भरपूर, तेथेच हा रोग अधिक आढळला. हिवताप वारंवार होणाऱ्या भागांशी त्याचा संबंध पुढे स्पष्ट झाला.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला त्यांचे व्याख्यान झाले होते. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन हे संशोधक होते. बर्किट यांनी गाठींचे नमुने विमानाने त्यांच्याकडे पाठवण्यास सुरुवात केली. अशाच एका नमुन्यात १९६४ साली एक नवा विषाणू सापडला. मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला तो पहिला विषाणू होय.

कंपालात किरणोपचारांची सोय नव्हती. तेव्हा बर्किट यांनी औषधांचाच आधार घेतला. थोड्याच मात्रा मिळूनही काही मुलांच्या गाठी विरघळल्या आणि ती कायमची बरी झाली. शल्यवैद्य असूनही चाकूपेक्षा औषध श्रेष्ठ आहे, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

युरोपात हा रोग जबड्यापेक्षा पोटात जास्त आढळतो. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे गाठ वाढते. कधी ती आतडे दाबते. कधी सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो व वाट बंद होते. तान्ह्या बाळाला असे इतर कारणांनी होते, परंतु पाच वर्षांवरील मुलाला झाले तर गाठीचा शोध घ्यावाच लागतो. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तरीही वेळेवर औषधोपचार मिळाल्यास प्रगत देशांत आज दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाचे पोट फुगून हिरवी उलटी होत असेल आणि शौच बंद झाले असेल, तर जंत झाले म्हणून एरंडेल किंवा जुलाब देऊ नये. तडक रुग्णालय गाठावे. पोटदुखी बहुतेक वेळा साधीच असते, पण ही लक्षणे साधी नव्हेत.

बर्किट १९६६ साली इंग्लंडला परतले. कोंडायुक्त धान्य, डाळी व भाजीपाला खाण्याचा उपदेश त्यांनी पुढे जगभर केला. २३ मार्च १९९३ रोजी ग्लॉस्टर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ फारसा पैसा नव्हता, मोठी प्रयोगशाळाही नव्हती. दोन आजारी मुलांकडे त्यांनी नीट लक्ष दिले, आणि त्याचे फळ आज क्रॉयडनच्या मुलांनाही मिळत आहे.