डॉ. कमल रणदिवे

कोयनाकाठी खेळताना गुडघा फुटतो आणि थोड्या दिवसांत जखम भरून येते. तेथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना नवे अंकुर फुटतात व कार्य उरकताच त्यांतील बऱ्याचशा लोप पावतात. त्यांना वाढण्याची आज्ञा कोण देते? पेशींविषयीचे असे प्रश्न आपल्या देशातच तपासता यावेत म्हणून ज्या विदुषीने आयुष्य वेचले, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

कमलाबाईंचा जन्म १९१७ साली पुणे येथे समर्थांच्या घराण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. परंतु हुजूरपागेच्या या विद्यार्थिनीने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र यांची वाट धरली. १९३९ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढविण्याची विद्या शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात भारतातील अशी पहिली प्रयोगशाळा उभारली.

नळीतील पेशींना नुसते अन्न पुरत नाही. त्यांत रक्तजलही घालावे लागते. याचे कारण पुढे उलगडले. रक्तजलात वृद्धिघटक नावाची प्रथिने असतात. ती पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांस चिकटली म्हणजे पेशी विभागते, किंवा निदान जगते. निरोप थांबला तर पुष्कळ पेशी स्वतःच मरण पत्करतात. रक्तवाहिन्यांचा असा एक प्रमुख घटक १९८९ साली शुद्ध स्वरूपात हाती आला. प्राणवायूची उणीव पडलेला अवयव तो सोडतो व आपणाकडे रक्तवाहिनी ओढून घेतो. कर्करोगाची गाठही हीच युक्ती करते. म्हणून हा निरोप अडविणारी औषधे आज वापरली जातात.

हा विशिष्ट शोध कमलाबाईंचा नव्हे. त्यांनी उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता व अंतःस्राव यांच्याशी असलेला संबंध अभ्यासिला. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालिका होत्या. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघ स्थापिला. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले, आणि २००१ साली त्या निवर्तल्या.

पालकांस आमची एवढीच विनंती, की मुलीने आपण योजिलेली वाट सोडून दुसरी मागितली, तर नकार देण्यापूर्वी हे चरित्र आठवावे.